किल्ली भावाच्या खिशात

मी एक जुना मोटर-संच आहे. साध्या सायकलला बसवला की ती विजेवर पळू लागते, तसला. लोक मला नुसते 'किट' म्हणतात. मित्रांनो, फाटक्या पुस्तकाची, मोडक्या छत्रीची किंवा म्हाताऱ्या घोड्याची कहाणी तुम्ही ऐकली असेल. शेवटी ती सगळी गळा काढतात आणि आमची निगा राखा म्हणतात. मी गळा काढणार नाही. माझी निगा उत्तम राखली गेली. माझ्यावर धूळ बसली नाही, माझे नट वेळच्या वेळी आवळले गेले, माझ्या वायरींना पावसाचा थेंब लागला नाही. हाल झाले ते एका बाईचे, आणि ते करायला माझा उपयोग केला गेला.

आधी ओळख सांगतो. मी म्हणजे एक वस्तू नव्हे, लवाजमा आहे. मागच्या चाकाच्या पोटात बसते ती मोटर. सायकलच्या दांड्याला लटकते ती बॅटरी. सीटखालच्या पिशवीत असतो तो कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडणारा डबा. हँडलवर एक छोटा पडदा, आणि ब्रेकच्या मुठींपासून निघणाऱ्या वायरी. यातले एक रुसले की सगळे रुसतात. एकत्र कुटुंबाचे असेच असते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या बायका माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळत आणि गुंडाळता गुंडाळता आपापल्या घरातली गाऱ्हाणी सांगत. कोणाच्या नणंदेने काय केले आणि कोणाचा दीर कसा वागला, हे ऐकतच मी भरत गेलो. माणसांविषयीचे माझे शिक्षण तिथेच सुरू झाले. मग मला खोक्यात घातले. खोक्यावर एक बाई छापली होती. ती चढावर सायकल चालवत होती आणि दात दाखवून हसत होती. तिचा एक केसही विस्कटला नव्हता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तिचा डोंगर तर छापीलच होता.

मला विकत आणले ते सोन्याने. सोन्या म्हणजे चाळिशीतला, मिशी राखणारा गृहस्थ. लहानपणी मोठ्या बहिणीने लाडाने हाक मारली आणि ते नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या पट्ट्याला लटकत असे. काचेच्या नळ्या, भिंगे, ॲसिडच्या बाटल्या, सगळे त्याच्या कुलपात. तुम्हाला वाटेल, शिक्षक त्याच्यापुढे हात जोडत असतील. छे. ते वर्गातूनच ओरडत, "कपाट उघड रे," आणि हा धावत जाई. कुलपे त्याची, पण विचारत कोणी नसे. घरी आला की तो हे बायकोला सांगे आणि जुडगा टेबलावर आपटे.

त्याची बहीण, ताई, त्याच्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने पायाच्या शिलाई मशीनवर घर ओढले. भावाला शिकवले, त्याचे लग्न लावून दिले, आणि स्वतःचे राहून गेले ते गेलेच. त्या मशीनने तिचा उजवा गुडघा खाल्ला. आता ती टेकडीवरच्या रुग्णालयात, कपडेघरात कामाला होती. फाटक्या चादरी रफू करायच्या, शस्त्रक्रियेच्या खोलीचे हिरवे कपडे संध्याकाळी रफूला घरी आणून, घड्या घालून सकाळी सगळ्यांच्या आधी पोचवायचे, असे तिचे काम. मी येण्यापूर्वी ती साध्या सायकलवरून जाई. चढ लागला की उतरे आणि सायकल ढकलत नेई. उशीर लागे, घाम फुटे, पण ती जाई आणि कोणाला विचारावे लागत नसे. हे लक्षात ठेवा, कारण त्या घरात ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

सोन्याने मला सुटीच्या दिवशी जिन्याखालच्या बोळात बसवले. फोनवर चित्रफीत लावून तो पान्हा फिरवत होता आणि आजूबाजूची माणसे चहाचे कप हातात घेऊन बघत होती. मागचे जुने चाक निघाले. त्याच्या जागी माझे जडशीळ चाक चढले. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची हाक आली.

"सोन्या, जुनं चाक माळ्यावर ठेवू या का रे?" ताईने विचारले. "लागलं कधी तर."

"कशाला अडगळ? आता तुला जोर लावायचाच नाही, ताई."

चाक भंगारात गेले. शेजारच्या काकूंनी पदराने डोळे टिपले. "भाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या. "नाहीतर आमचे बघा. मेले साधा फोन करत नाहीत." ताईचेही डोळे भरून आले. तिने पहिली फेरी मारली तेव्हा तिने तोंड घट्ट मिटले होते आणि हँडल असे धरले होते की जणू मी तिला फेकूनच देणार. पण चढ संपला तेव्हा तिच्या छातीतून एक हसू फुटले. खोक्यावरच्या बाईपेक्षा ते कितीतरी खरे होते. तो दिवस चांगला होता, हे मला नाकारता येणार नाही.

माझ्या बॅटरीला कुलूप असते. सकाळी किल्ली फिरवली की मला प्राण येतो. मग किल्ली काढून घेतली तरी चालते. दिवसभर पडद्यावरच्या बटनाने मला झोपवता-उठवता येते. खोक्यात किल्ल्या दोन होत्या. सोन्याने दोन्ही आपल्या जुडग्यात अडकवल्या.

"तू हरवशील," तो म्हणाला.

ताईने आयुष्यात कधी सुई हरवली नव्हती.

आता माझ्या खोडी सांगतो. नाव मोठे नि लक्षण खोटे, असे माझ्याबद्दल कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. निघताना पायडल आधी उलटे अर्धा फेरा फिरवावे लागते, नाहीतर मी जागचा हलत नाही. डाव्या ब्रेकची मूठ पूर्ण मागे येत नाही, आणि ती जरा जरी दबलेली राहिली तर मोटरला वाटते की थांबायचे आहे. तेव्हा त्या मुठीला बोटाने टिचकी मारावी लागते. पावसात कंट्रोलर कुरकुर करतो. माझे चाक इतके जड की बॅटरी संपली तर साध्या सायकलपेक्षा मला ओढणे दुप्पट कठीण. आणि सगळ्यांत मोठी खोड पडद्याची. सपाट रस्त्यावर, थंड डोक्याने उभा असलो की पडदा बॅटरी भरलेली दाखवतो. अर्धी रिकामी असली तरी दाखवतो. चढाला लागलो, जोर पडला, की एक एक रेघ गळते आणि मी मुकाट्याने बंद पडतो. लोक ज्याला स्वभाव म्हणतात, तसे ते आहे. सुखात सगळेच भरलेले दिसतात.

ताई हे सगळे शिकली. टिचकी मारताना ती "हं, चल बाबा" म्हणे. रुग्णालयातल्या जुन्या मेणकापडाची तिने कंट्रोलरला टोपी शिवली, काठाला दुहेरी शिलाई घालून. चार्जरवरून काढलेली बॅटरी सोन्या तिच्या हातात देई, तेव्हा ती कोमट लागे. माझा चार्जर मंद आहे, संध्याकाळी लावला की सकाळपर्यंत रेंगाळतो. म्हणून बॅटरी कोमट असली की पोट भरलेले, हे ताईने ओळखले होते. पडद्यापेक्षा तिचा स्वतःच्या तळहातावर विश्वास होता.

चार्जिंग मात्र सोन्याच्या खोलीत. "बॅटरीवर लक्ष ठेवावं लागतं," असे त्याने फोनवर ऐकले होते. त्यामुळे मी दोन ठिकाणी राहत असे. संध्याकाळी माझी बॅटरी नवरा-बायकोच्या खोलीत आणि मोटर जिन्याखाली, ताईच्या खिडकीला लागून. माझे कान दोन्हीकडे. इतके ऐकू येणे चांगले नसते, मित्रांनो.

मागण्याची सुरुवात साधी होती. सकाळी डबा पिशवीत घालून ताई त्याच्या दाराशी येई आणि म्हणे, "सोन्या, किल्ली दे रे." तो उठून देई, ती फिरवून परत करी. मग एके दिवशी तो पेपर वाचत होता आणि त्याने ऐकले नाही. तिने पुन्हा विचारले. तेव्हा त्याने मान वर केली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मुलाला नवीन खेळणे सापडावे तसा त्याचा चेहरा झाला. दुसऱ्या दिवशीही त्याने पहिल्यांदा ऐकले नाही.

मग ते रोजचेच झाले. पहिली हाक फुकट जायची, दुसऱ्या हाकेला "काय?" यायचे आणि तिसऱ्या हाकेला किल्ली. कधी "आधी माझ्या शर्टाला इस्त्री फिरव," कधी "चहा टाक, तोवर शोधतो." जुडगा त्याच्या कमरेलाच असे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा मुद्दाम घातला जात होता, आणि घालायला दुसऱ्याला लावला जात होता. पाहुणे आले की खेळ रंगात येई.

"नीट माग की, ताई," तो हसत म्हणे.

"दे ना रे, उशीर होतोय."

"असं नाही. सोन्या, माझी किल्ली देतोस का, असं."

"सोन्या, किल्ली देतोस का?"

"माझी म्हण, बिनधास्त. गाडी तुझीच आहे."

पाहुणे हसत. भाऊ-बहिणीची थट्टा आहे असे त्यांना वाटे. भावजय, म्हणजे सोन्याची बायको, तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त हसे. त्या घरात इतके दिवस तिलाच सगळे मागावे लागत होते. साधी पिशवी हवी तरी नवऱ्याला विचारायचे. आता रांगेत तिच्या पुढे कोणीतरी उभे होते, म्हणून तिला बरे वाटत होते. मी तिला दोष देत नाही असे म्हणालो असतो, पण मी देतो.

एकदा ताईने धीर केला. संध्याकाळी, सगळे चहाला बसले असताना, ती म्हणाली, "सोन्या, किल्ल्या दोन आहेत ना? एक माझ्याकडे ठेवते."

सोन्याने कप खाली ठेवला. "का? भावावर विश्वास नाही?"

"विश्वासाचं काय त्यात? सकाळी तुझी झोपमोड होते."

"माझी झोप मी बघेन."

"वन्सं, एवढं केलं त्यांनी तुमच्यासाठी," भावजय म्हणाली. "कोण करतं आजकाल? आणि तुम्ही किल्लीवरून हिशेब मांडताय."

"मी कुठे हिशेब मांडला गं?"

"मांडलाच की."

ताईने कप गोळा करून विसळायला नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोन्याने तिला बॅटरी दिली ती अर्धीच चार्ज केलेली. चढाच्या मध्यावर मी बंद पडलो. तिने मला टेकडीवर ढकलले. मोटरचे चाक, बॅटरी, डबा, सगळे ते ओझे, आणि त्याला टेकून एक मोडका गुडघा. मागून येणारा दूधवाला म्हणाला, "बाई, तुमची गाडी तुम्हाला नेतेय की तुम्ही गाडीला?" ताई त्यावरही हसली. मला बसवण्यापूर्वी ती हीच सायकल एका हाताने ढकलत असे.

दुसऱ्या किल्लीचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

पावसाळा संपता संपता एक गोष्ट घडली. रुग्णालयाच्या सायकल-स्टँडवर मोठ्या सिस्टर आल्या. या बाई कमी बोलत आणि उभ्यानेच बोलत.

"कपडेघराच्या मुख्य बाई निवृत्त होताहेत," त्या ताईला म्हणाल्या. "मी तुमचं नाव सुचवलंय. मागच्या इमारतीतली खोली त्या कामासोबत मिळते. एकच खोली आहे, पण नळ आत आहे आणि दाराला कडी आहे."

ताईने सायकलचे हँडल घट्ट धरले. "मला?"

"महिनाभर बघणार. एकच अट. शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे वेळेवर वर पोचले पाहिजेत. डॉक्टर खोळंबले तर माझं काही चालणार नाही. एकदाही उशीर नको."

"नाही होणार, सिस्टर."

त्या दिवशी उतारावर ती गुणगुणत होती. आवाज बेसूर होता. दाराला कडी असलेली एक खोली, कामाच्या शेजारी, चढ नाही, सायकल नाही, सकाळी कोणाच्या दाराशी उभे राहणे नाही. तिला दुसरे काहीच नको होते. मलाही ते हवे होते. मी भिंतीला टेकून गंजून गेलो असतो तरी चालले असते.

घरी तिने कोणाला सांगितले नाही. पण त्या महिन्यात ती इतक्या गोड आवाजात किल्ली मागू लागली की माझ्या तारा आंबल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे झाले. सोन्या उठण्याआधी त्याचा शर्ट इस्त्री होऊन खुंटीला. चहा तयार. "सोन्या, माझी किल्ली देतोस का?" हे न सांगताच, हवे तसे. सोन्या खूश होता. बॅटरी रोज कोमट मिळत होती. आठवड्यामागून आठवडे गेले आणि हिरवे कपडे एकदाही उशिरा पोचले नाहीत.

बातमी फोडली ती शेजारच्या काकूंनी. त्यांची भाची रुग्णालयात कामाला होती. महिना संपायला दोन-तीन दिवस उरले असताना काकूंनी भावजयीला जिन्यात गाठले. "तुमच्या वन्संना खोली मिळतेय म्हणे वर. चला, तुमची सुटका झाली." काकूंच्या मनात वाईट काही नव्हते. बऱ्याचशा वाईट गोष्टी अशाच भल्या माणसांच्या तोंडून सुरू होतात.

त्या संध्याकाळी माझी बॅटरी नेहमीप्रमाणे नवरा-बायकोच्या खोलीत होती.

"वन्सं जाणार आहेत," भावजय म्हणाली. "आपल्याला बोलल्यासुद्धा नाहीत."

 सोन्याने जुडगा हातात घेतला.

"मग सकाळचं सगळं माझ्यावरच येणार. इस्त्री, डबे, पाणी भरणं. मला झेपणार नाही हं, आधीच सांगते."

"कोण जातंय?" सोन्या म्हणाला. "ज्या पोरीला मी गाडी दिली ती मला न सांगता जाईल?"

"पोरगी काय, तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत त्या."

"मोठी असली म्हणून काय? किल्ली माझ्याकडे आहे."

त्याने चार्जरची पिन माझ्या बॅटरीत घातली नाही. वायर नीट गुंडाळली, तिला रबर लावले आणि कपाटावर ठेवली. मग तो शांतपणे जेवायला गेला. मित्रांनो, माणूस चिडून काही करतो तेव्हा त्याची कीव तरी येते. हा गुणगुणत होता.

सकाळी ताई डबा घेऊन दाराशी आली, तर सोन्या आधीच उठलेला. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "चल, मीच लावून देतो आज."

त्याने बॅटरी स्वतः उचलून आणली आणि तिच्या हातात ठेवली. जिन्याखाली येऊन त्याने सायकल बाहेर काढली, तिच्याकडून बॅटरी घेऊन दांड्याला बसवली, किल्ली फिरवली. पडद्यावरच्या सगळ्या रेघा उजळल्या. माझी ती खोड. मी सपाट जमिनीवर उभा होतो आणि भरलेला दिसत होतो. सोन्याला माझी ही खोड ताईइतकीच ठाऊक होती.

"आज मागायला नाही लावलंस?" ताई म्हणाली.

"रोज काय मागायचं गं? भाऊ आहे ना मी."

ताईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि बोटे आपल्या कानशिलावर मोडली. तिचा आवाज ओला झाला होता. "सुखी राहा," ती म्हणाली. तिला वाटले असेल, याला कळले आहे आणि हा आपल्याला हसत निरोप देतो आहे.

उलटे पायडल, मुठीला टिचकी, "हं, चल बाबा." मी चाललो. बाजाराचा सपाट रस्ता चांगला गेला. चढाला लागलो आणि एक रेघ गळली. मग दुसरी. ताईने पडद्याकडे बघितले आणि पाय मारायला सुरुवात केली, मला हलके करायला. गुडघ्याचा आवाज मला चाकापर्यंत येत होता. मी जे होते ते सगळे दिले. मग कंट्रोलरने हात वर केले आणि मी तिच्या अंगाखाली मेलो.

तिने ढकलले. थांबली, पुन्हा ढकलले. एका वळणावर तिने मला भिंतीला टेकवून टाकून दिले आणि चालत निघाली. पण हिरव्या कपड्यांचे गाठोडे, जे तिने आदल्या दिवशी रफू करायला घरी आणले होते, ते माझ्या कॅरिअरला बांधलेले होते. ते पाठीवर घेऊन तिला चढ चढवेना. ती परत आली आणि पुन्हा मला ढकलू लागली. दोन माणसे गाडीवरून गेली. बघून गेली. ती वर पोचली तेव्हा तिचा गुडघा कापडाच्या गाठोड्यासारखा सुजला होता आणि डॉक्टर खोळंबून निघून गेले होते.

मोठ्या सिस्टर स्टँडपर्यंत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "फक्त दोन दिवस राहिले होते हो," त्या म्हणाल्या. त्यांनी ताईला बसायला खुर्ची मागवली. खोली दुसऱ्या बाईला गेली. ती बाई कामाला वाईट नव्हती आणि रुग्णालयाच्या फाटकाशीच राहत होती, त्यामुळे तिला खोलीची गरजही नव्हती. तिने तिथे लोणच्या-पापडाचे डबे ठेवले, असे पुढे ऐकले.

दुपारी ताई मला धरून उतार उतरली. सोन्या शाळेतून येऊन पायरीवर बसला होता.

"काय झालं? बंद पडली?" तो म्हणाला. "बॅटरी जुनी झाली असेल. बोलायचं ना आधी. मागितलं असतं तर नवीन आणली नसती का?"

ताई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "सकाळी बॅटरी हाताला थंड लागली होती, सोन्या."

"मग?"

"मला कळलं होतं. पण तू हसत होतास. मला वाटलं, माझाच हात थंड असेल."

सोन्याने शेजाऱ्यांच्या दाराकडे बघितले. मग तो आत गेला. मला वाटते, आपण जिंकलो आहोत असे त्याने मानले.

त्या दिवसापासून ताईने किल्ली मागितली नाही. ती सकाळी लवकर उठे, काठी घेई आणि चालत निघे. पहिल्या दिवशी सोन्या हसला. दुसऱ्या दिवशी तो दाराशी येऊन उभा राहिला. पुढे तो कोमट बॅटरी दांड्याला लावून, किल्ली कुलपात तशीच ठेवून देऊ लागला. ताई माझ्या बाजूने निघून जाई. रस्त्यात काकू विचारत, "अहो, चालत का? गाडी बिघडली?" ताई म्हणे, "गाडी छान आहे." तेवढेच. सोन्याला हे चटका लावून जाई, कारण आता गल्लीत 'भाऊ असावा तर असा' कोणी म्हणत नव्हते. तो चिडला. मग त्याने विनवण्या केल्या. "ताई, घे ना गाडी. लोक काय म्हणतील?" ती ऐकत असे आणि काठी टेकत टेकत जात असे. तिचा गुडघा रोज थोडा थोडा संपत होता आणि ती तो संपू देत होती. प्रेमळ बाई क्रूर झाली की ती आधी स्वतःपासून सुरुवात करते.

शेवटी ती गेली. खोली नव्हती, पण रुग्णालयातल्या आयांच्या सामाईक खोलीत एक खाट रिकामी झाली होती. हातगाडीवर तिची शिलाई मशीन आणि एक ट्रंक चढली. गल्ली जमली. सगळ्यांसमोर सोन्याने जुडग्यातून किल्ली सोडवली आणि तिच्यापुढे धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे होते. मी ते जवळून पाहिले.

"ताई, गाडी तुझीच आहे गं. ही घे."

ताईने किल्लीकडे पाहिले. मग भावजयीकडे पाहिले, बराच वेळ. भावजयीने नजर वळवली.

"असू दे तुझ्याकडे," ताई म्हणाली. "मागणारं कोणीतरी मिळेल तुला."

हातगाडीवाल्याने गाडी ढकलली. चढावर ताई दोन ठिकाणी बसली, असे काकूंनी नंतर सांगितले. आता तिला दोन काठ्या लागतात म्हणे. ती पुन्हा या घरी आली नाही.

काही दिवस मी जिन्याखाली उभा होतो. कोणी मागत नव्हते. सोन्या संध्याकाळी पायरीवर बसून जुडगा या हातातून त्या हातात करी. शाळेत अजूनही "कपाट उघड रे" चालूच होते. मग एका सुटीच्या दिवशी तो पान्हा घेऊन आला. त्याने माझी सीट खाली केली, हँडल जरा पुढे घेतले. ताईने शिवलेली मेणकापडाची टोपी मळली होती, ती त्याने काढून फेकली.

"तू ने आता," तो बायकोला म्हणाला. "बाजाराला, शिवणाच्या वर्गाला. कशाला पाय दुखवतेस?"

भावजयीचे तोंड उजळले. इतक्या वर्षांत त्याने तिला काही आपणहून दिले नव्हते. आजूबाजूची माणसे पुन्हा चहा घेऊन जमली. "नवरा असावा तर असा," शेजारच्या काकू म्हणाल्या.

मित्रांनो, आता तुमच्याकडे काही मागायचे ते मागून घेतो, कारण माझ्यासारख्याने शेवटी काहीतरी मागायचे असते. माझ्या बॅटरीला कडक उन्हात ठेवू नका. ती पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. पावसात वायरी झाका. हे तुम्ही कराल, मला खात्री आहे, कारण वस्तूंची निगा सगळेच राखतात. पण कोणाला काही दिलेत तर ते हातातून सोडून द्या. अर्धे देऊन अर्धे खिशात ठेवू नका. घेणाऱ्याचे जुने चाक भंगारात घालू नका. आणि कोणी दुसऱ्याला दाराशी उभे करून हसत असेल, तर त्या हसण्यात सामील होण्याआधी रांगेत आपला नंबर कितवा आहे ते बघा.

आज सकाळी भावजय पिशवी घेऊन दाराशी आली. तिने नवीन चपला घातल्या होत्या.

"अहो, किल्ली देता का?" ती म्हणाली.

सोन्या पेपर वाचत होता. त्याने पान उलटले. ती थोडी थांबली आणि तिने पुन्हा विचारले.